मोटारीचा नंबर

नेवासा तालुक्यात प्रवरेच्या काठी एक म्हातारा शेतकरी राहत होता. दोन एकर कांदा, थोडा ऊस आणि नदीवर एक मोटार. त्याच्या फोनची काच तडकली होती आणि बॅटरी दुपारीच मान टाकायची. संक्रांतीला पुण्याहून नातू आला, तो नवा फोन घेऊनच.

"आबा, तुम्ही नुसतं बसा. मी करतो सगळं."

त्यानं दोन्ही फोन शेजारी ठेवले. चौकोनी कोड जुळवला. आधी नंबर सरकले, मग मेसेज, मग फोटो. कॉलची जुनी नोंद कशाला हवी म्हणून त्यानं ती वगळली. सिम काढून नव्यात घातलं. व्हॉट्सअ‍ॅपसाठी सहा आकडे आले, तेही भरले. जुना फोन बंद केला.

मग त्यानं नव्या फोनातली यादी साफ करायला घेतली. 'पोपट टँकर', 'डॉक्टर म्हशीचा', 'कांदा अडत', 'मोटार'. कुणाला फोटो नाही, कुणाशी एक मेसेज नाही. असे तीस-चाळीस नंबर त्यानं काढून टाकले. यादी कशी सुटसुटीत झाली!

"आता जुना पुसून टाकतो. उद्या दुकानात देऊन येऊ," तो म्हणाला.

आजी चुलीपाशी होती. "आजची रात्र राहू दे रे," ती म्हणाली. "नवं भांडं गळतंय का, ते बघितल्याबिगर जुनं मोडीत घालत नाहीत." तिनं तो फोन उचलून देवळीत ठेवला.

त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती. दोनला लाईट आली. आबा अंथरुणातच उठून बसले. मोटारीच्या स्टार्टरमध्ये एक सिम होतं. फोन लावायचा, पलीकडून आवाज आला की एक दाबायचा. नदीवरची मोटार चालू व्हायची आणि शेततळं भरू लागायचं. उसाच्या कडेनं अंधारात जावं लागायचं नाही. त्या उसात बिबट्या होता. मागच्याच आठवड्यात त्यानं वस्तीवरची शेळी नेली होती.

आबांनी यादी वर केली, खाली केली. 'मोटार' नव्हती. पोराची झोप मोडायला नको म्हणून त्यांनी बॅटरी आणि काठी घेतली.

दाराची कडी वाजली तसा नातू जागा झाला. "आबा, कुठं निघालात?"

"मोटार चालू करून येतो. फोनात सापडंना."

पोराच्या पोटात गोळा आला. त्यानं धावत जाऊन देवळीतला फोन काढला, चालू केला. त्यात सिम नव्हतं, पण तडकलेल्या काचेखाली 'मोटार' जागच्या जागी होती. त्यानं एकेक आकडा वाचला, आबांनी नव्या फोनवर दाबला. थोड्या वेळानं शेततळ्यात पाणी पडू लागलं.

सकाळी दोघं दोन्ही फोन घेऊन ओट्यावर बसले. नातू नाव वाचायचा, आबा सांगायचे. दुपार झाली. काढण्यासारखे नंबर दोनच निघाले.

याच नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे नकलांवर नकला होताना पाठ बिघडत गेले. १५८४ साली पैठणच्या एकनाथ महाराजांनी जुन्या पोथ्या जुळवून शुद्ध प्रत तयार केली. त्या पोथ्या कुणीतरी जपल्या होत्या, म्हणूनच ते जुळवणं झालं.

तुमच्याही घरात नवा फोन येईल. जुना पुसण्याआधी तो ज्याचा आहे त्याच्याशेजारी बसा आणि एकेक नाव त्याला वाचून दाखवा.