दोन गावांमधला उतार

पुण्याचा एक तरुण अभियंता नोकरीसाठी इंग्लंडमधल्या डर्बीला गेला आणि दुसऱ्याच हिवाळ्यात त्याला शिशाच्या शिपायांचा नाद लागला. डर्बीहून नॉटिंगहॅम हाकेच्या अंतरावर. लढायांचे खेळ खेळणारे लोक त्या मुलखाला 'शिशाचा पट्टा' म्हणतात, कारण जुन्या फौजांचे चिमुकले शिपाई ओतणाऱ्या पेढ्या तिथे दाटीनं आहेत. आता शिसं नावापुरतंच उरलंय. शिपाई कथलाच्या मिश्रधातूचे नाहीतर प्लास्टिकचे. उंची 28 मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी. ते घरी आणायचे, कानशीनं घासायचे, अस्तराचा रंग द्यायचा आणि मग बारीक कुंचल्यानं अंगरख्याची बटणंसुद्धा रंगवायची. चोवीस जणांची एक पलटण उभी करायला कितीतरी संध्याकाळी जातात. पुढे एखाद्या शनिवार-रविवारी मोठ्या हॉलमध्ये टेबलांवर टेकड्या, नद्या, गावं मांडून या पलटणी समोरासमोर येतात. चाल इंचाच्या टेपनं मोजायची, गोळी लागली की चुकली ते फाशानं ठरवायचं. एच. जी. वेल्स या लेखकानं 1913 साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून हा खेळ घराघरात नेला. त्याच्या खेळात तर स्प्रिंगच्या तोफेतून काडी उडवून शिपाई खरोखर पाडायचे.

या लोकांची एक रीत मला फार मोलाची वाटते. टेप अर्धा इंच कमी पडला, तर ज्याची पलटण असेल त्यानंच ते आधी बोलून दाखवायचं. समोरच्यानं पकडायची वाट बघायची नाही.

तर हा तरुण एका शुक्रवारी संध्याकाळी अशाच एका मेळाव्याला पोहोचला. गावाबाहेरचं जुनं हॉटेल, दोन रात्रींचा मुक्काम, रविवारी संध्याकाळी निरोप. सूचनाफलकावर रविवारच्या खेळाचं नाव वाचून त्याच्या अंगावर रोमांच आले: 'असई, 23 सप्टेंबर 1803'. आपल्या जालना जिल्ह्यातली असई! दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेची आर्थर वेल्स्लीशी तिथे गाठ पडली. हाच वेल्स्ली पुढे वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. खेळाचा पंच होता भूगोल शिकवून निवृत्त झालेला एक म्हातारा. शिंद्यांचे कवायती कंपू त्यानं स्वतःच्या हातानं रंगवले होते.

जेवणाच्या टेबलावर विषय निघालाच. तरुणानं असईबद्दल बरंच वाचलं होतं आणि जे वाचलं होतं त्याचा त्याला राग होता. तो म्हणाला, "दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराहून जास्त तोफा, पुढे उंच दरडींची नदी. आणि बाजूचा, नदी पायी ओलांडायचा उतार उघडा टाकून बसले! पाचवीतल्या पोरालाही कळलं असतं. आमच्या लोकांनी ही लढाई अकलेनं घालवली."

म्हातारा पंच ऐकत होता. "रविवारी तुला कोणती बाजू हवी?" एवढंच त्यानं विचारलं.

"शिंद्यांची. मी तो उतार धरून दाखवतो."

शनिवार दुसऱ्याच खेळात गेला. रविवारी सकाळी तरुण हॉलमध्ये आला तेव्हा टेबलावर मराठे नव्हते. अठराव्या शतकातल्या कुठल्यातरी काल्पनिक जर्मन संस्थानाची फौज मांडलेली, तिकोनी टोप्या, पांढरे डगले. गावांतून चर्चचे मनोरे. पंच म्हणाला, "असईचं सामान दुपारी लावू. सकाळी हा छोटा खेळ खेळून घे. मोठी फौज तुझी." समोर छोटी फौज घेऊन शेफील्डहून आलेली एक बाई बसली होती. आयुष्यभर तिनं रोमन लोकांच्या लढायांखेरीज दुसरं काही खेळलं नव्हतं.

असे खेळ वेशांतर करून मांडण्याची चाल तिथे जुनी आहे. लढाईचं नाव कळलं की खेळाडू पुस्तक आठवून चाल करतो. नाव लपवलं तर समोर दिसतंय तेवढ्यावरच त्याला निर्णय घ्यावा लागतो. प्रशियात राइस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्यानं 1824 साली सैन्यासाठी नकाशावरचा लढाईचा खेळ सिद्ध केला, त्यातही सगळी मदार पंचावर होती. दोन्ही बाजूंना सगळं दिसायचं नाही. पंच सांगेल तेवढंच कळायचं.

तरुणाला चार चिठ्ठ्या मिळाल्या. पहिली: तुमचे दोन राजे आहेत, दोघांचं नेहमी पटतंच असं नाही, पायदळ तुमच्या हाती. दुसरी: गेल्या काही दिवसांत तुमच्या पलटणींचे बरेच अधिकारी नोकरी सोडून गेले आहेत, दूरच्या पलटणीपर्यंत हुकूम पोहोचायला फाशावर एक जास्त लागेल. तिसरी: समोरच्या नदीला मुख्य उताराखेरीज दुसरा उतार नाही, असं वाटाडे सांगतात. चौथी चिठ्ठी तोफांची होती, ती त्यानं नीट वाचलीच नाही.

त्यानं तोफा मुख्य उतारावर रोखल्या. दरडींवर पलटणी दाट उभ्या केल्या. मांडणी देखणी होती आणि त्याला ते ठाऊक होतं.

बाईला मिळालेली वाटाड्यांची चिठ्ठी शब्दशः तीच होती. ती टेबलाभोवती एक फेरी मारून आली आणि नदीच्या एका वळणाशी वाकून बराच वेळ बघत राहिली. तिथे अलीकडच्या काठावर एक गाव होतं आणि बरोबर त्याच्यासमोर पलीकडच्या काठावर दुसरं. तिनं पंचाला विचारलं, "ही दोन गावं एकमेकांसमोर आहेत. माणसं ये-जा करत असणारच. कुणीतरी जाऊन पाणी बघून येईल का?" पंचानं मान हलवली. एक स्वार गेला, आला. पाणी गुडघ्याच्या थोडं वर. तिची सगळी फौज तिथून नदी पार झाली.

ती दोन गावं सकाळपासून तरुणाच्याही समोरच होती.

पण तो डगमगला नाही. नदीकडे तोंड करून उभी असलेली अख्खी रांग त्यानं काटकोनात वळवली. एक टोक नदीला टेकलेलं, दुसरं मागच्या ओढ्याकाठच्या गावाला. दोनदा फासा विरुद्ध पडला, दोन पलटणी उशिरा पोहोचल्या, तरी रांग उभी राहिली. पंचानं आपल्या वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग तोफा सुरू झाल्या. बाईची उजवीकडची पलटण वाट चुकून थेट त्या गावासमोर आली आणि दोन डावांत तिचे निम्म्याहून अधिक शिपाई टेबलावरून उचलावे लागले. बाईच्या कपाळावर घाम आला. तिनं शेवटचा उपाय म्हणून घोडदळ सोडलं, पायदळ सरळ तोफांवर घातलं. तरुणाची पहिली रांग फुटली. तिचे शिपाई तोफा ओलांडून पुढे गेले.

"आता चौथी चिठ्ठी वाच," पंच म्हणाला.

चिठ्ठीत होतं: शत्रू तोफांवरून पुढे गेला तर प्रत्येक तोफेमागे एक फासा टाकावा. चार किंवा जास्त पडल्यास मेल्यासारखे पडलेले गोलंदाज उठतील, तोफ उलटी फिरवतील आणि शत्रूच्या पाठीवर मारा करतील.

तरुण हसला. "असं कुठे होतं? हा तर सिनेमा झाला."

"फासा टाक."

पाचांपैकी तीन तोफा उठल्या. बाईच्या जिंकलेल्या पलटणींना मागे फिरून तोच मार दुसऱ्यांदा खावा लागला. तिनं पुन्हा घोडदळ घातलं, पुन्हा तोफा घेतल्या. शेवटी तरुणाची फौज ओढ्यापलीकडे हटली. बाई जिंकली, पण जिंकून तिच्याकडे एवढे थोडे शिपाई उरले होते की पाठलागाचा विचारसुद्धा तिनं केला नाही.

दोघांनी हात मिळवले. दुपारच्या खेळासाठी टेबल मोकळं करायचं म्हणून तरुणानं आवराआवरीला हात लावला. त्यानं ओढ्याकाठचं ते गाव उचललं, ठेवायला पालथं केलं आणि तसाच थांबला. फळीच्या खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: असई. त्यानं नदीचा तुकडा उलटा केला. केळना. ओढ्याचा तुकडा: जुई. मग ती समोरासमोरची दोन गावं. त्यांच्या खाली इंग्रजांच्या जुन्या नकाशांतल्यासारखीच नावं होती, पीपलगाव आणि वरूर.

तो खुर्चीवर बसला. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेफील्डच्या बाईला काय झालं ते कळेना, तेव्हा त्यानंच तिला सांगितलं. आपण शुक्रवारी काय बोललो, तेही सांगितलं. टेप अर्धा इंच कमी पडल्यावर सांगतात तसं, कुणी विचारण्याआधी.

पंचानं वही उघडली. वेल्स्लीलाही वाटाडे हेच म्हणाले होते की उतार नाही; दोन गावं समोरासमोर पाहून त्यानं तर्क केला आणि माणूस पाठवून खात्री करून घेतली. शिंद्यांच्या कवायती फौजेवर त्या दिवशी पोलमन नावाचा हॅनोव्हरचा माणूस होता. त्यानं अख्खी रांग अशीच वळवली, इतक्या सफाईनं की वेल्स्ली थक्क झाला. कंपनी सरकारनं जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतले इंग्रज अधिकारी आधीच फोडले होते. चौऱ्याहत्तराव्या हायलँड पलटणीची असई गावासमोर धूळधाण उडाली. वेल्स्लीच्या अंगाखालचे दोन घोडे गेले. त्याच्याकडचे 428 ठार, 1138 जखमी, 18 बेपत्ता. शिंद्यांच्या 98 तोफा त्याच्या हाती लागल्या, पण लगेच पाठलाग करण्याचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. म्हातारपणी कुणीतरी त्याला विचारलं, लढाईतलं तुमचं सर्वात सरस काम कोणतं? त्यानं वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असई म्हणाला.

"बाकीचे नियम मी केलेत," वही मिटत पंच म्हणाला. "गोलंदाजांचा मात्र मी केलेला नाही. तो त्यांनीच केला. मी नुसता उतरवून घेतला."

दुपारी खरं सामान लागलं. चर्चचे मनोरे गेले, मातीच्या भिंतींची घरं आली, देऊळ आलं. पंचानं पुन्हा विचारलं, कोणती बाजू? उतार आता सगळ्यांनाच माहीत होता. तो अडवण्यात काही उरलं नव्हतं. तरुणानं फक्त तोफा मागितल्या. सेनापतीची जागा त्यानं दुसऱ्याला दिली आणि अख्खी दुपार तोफांच्या अठरा इंचांच्या पट्टीत घालवली. खेळ संपल्यावर पंचाकडे एक विनंती केली: या गोलंदाजांचे न रंगवलेले शिपाई असतील तर मला द्या.

पुढच्या वर्षीच्या मेळाव्याला तो एक पेटी घेऊन आला. तोफेच्या गाड्याखाली पालथे पडलेले, चाकाला हात घालून तोफ फिरवणारे, वाकून बत्ती देणारे. पागोटी एका रंगाची नव्हती आणि दोन चेहरे एकसारखे नव्हते. प्रत्येकाला नाव द्यावं असं त्याच्या मनात होतं, पण त्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव त्याला कुठे सापडलं नाही. म्हणून तळपट्ट्यांच्या खाली त्यानं नुसतं पेन्सिलीनं लिहिलं: असईचा गोलंदाज.

त्याच वर्षी डिसेंबरात तो सुट्टीवर आला तेव्हा पुण्याहून आधी जालन्याकडे गेला. केळना थंडीत बारीक झालेली. तो दक्षिणेच्या काठावर उभा राहिला आणि समोरचं गाव बघत राहिला. पलीकडून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन पाण्यात उतरली, लुगडं सावरत अलीकडे आली आणि कुठल्या गावचे म्हणून त्याला विचारून पुढे गेली.

जालन्याच्या बाजूला कधी गेलात, तर वाट थोडी वाकडी करून असईला जा. नदीकाठी दहा मिनिटं उभे राहा.