बसतं आणि बरोबर असतं

आमच्याकडं एखादी वस्तू दुसरीत नीट गेली की माणसं म्हणतात, "बसलं." कुदळीला दांडा बसला, पाइपाला जोड बसला, सासरी पोरगी बसली. एकदा बसलं की विषय संपला. पुढं कोण विचारत नाही. मीही विचारत नव्हतो. बसणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं, हे मला एका जीपच्या मागच्या ॲक्सलनं शिकवलं, आणि शिकवणीची फी माझ्याऐवजी दुसऱ्यानंच भरली. म्हणून हे लिहून ठेवतो.

जीप आबांनी घेतलेली. सरकारी लिलावातली, उंच बोनेटची. ही गाडी मूळची अमेरिकेतली, विलीस कंपनीची. लढाई संपल्यावर महिंद्रांनी ती मुंबईत जोडायला घेतली आणि मग इथंच बनवली. उंच बोनेटचं मॉडेल अमेरिकेत १९५३ साली निघालं. नवं इंजिन उंच होतं, ते मावावं म्हणून बोनेट वर उचललं. आमच्या पोरांना वाटायचं, रुबाबासाठी केलंय. आमच्या जीपनं दुधाचे कॅन ओढले, वडाप केलं, निवडणुकीत सगळ्या पक्षांचे झेंडे मिरवले आणि गावातल्या निम्म्या नवऱ्या मुली वाटं लावल्या.

एका वर्षी उसाचं बेणं भरून ओढ्यातनं वर काढताना मागं कडकड वाजलं. मिस्त्रीनं मागचं झाकण खोललं तर तेलात दातांचे तुकडे. ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाकडनं येणारा लांब दांडा मागं एका छोट्या दातेरी चाकाला फिरवतो, ते पिनियन. पिनियन मोठ्या चाकाला फिरवतं, तो क्राऊन. क्राऊन दोन्ही बाजूच्या ॲक्सलांना फिरवतो. आमच्या जीपला क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८. म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला दांड्याचे सव्वापाचाच्या थोडे वर फेरे लागतात. पुढच्या ॲक्सललाही तोच हिशोब. फोर व्हील गाडीत पुढचा आणि मागचा हिशोब एकच पाहिजे. एका जुवाखालच्या बैलांची पावलं सारखी पडावी लागतात, तसं.

मी भंगाराच्या वाड्यातनं एक ॲक्सल शोधून आणला. पाट्यांच्या बैठका जुळल्या, यू-बोल्ट जुळले, चाकाची पाच भोकं जुळली. पैसेही बेताचे. मिस्त्रीनं तो घोड्यावर ठेवला, एका बाजूचं हब मला धरायला लावलं, दुसऱ्या बाजूचं दोनदा पुरं फिरवलं आणि पिनियनवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजले. एक बाजू दाबून धरली की दुसऱ्या बाजूच्या दोन फेऱ्यांना क्राऊनचा एक फेरा होतो, म्हणून दोन. पाचही भरले नाहीत. "३९ आन् ८ चा हाय," तो म्हणाला. "आण्णा, बसतुया. पण बरोबर न्हाई."

"चालंल का?"

"मागच्या चाकांवर चालंल. फोर व्हील टाकू नका. टाकली तरी चिखलात टाका, कडक रस्त्यावर नको."

त्यानं हिशोब समजावला. छोटा गिअरबॉक्स पुढच्या-मागच्या दोन्ही दांड्यांना सारखंच फिरवतो. मग पुढची चाकं शंभर फूट जातात तेवढ्यात मागची एकशेदहा फूट जायला बघतात. चिखल असला तर चाकं घसरून तेवढं भरून काढतात. डांबरावर किंवा कातळावर घसरायला जागा नसते. मग सगळा पीळ दांड्यात आणि त्या छोट्या गिअरबॉक्समध्ये साठत जातो आणि जे अशक्त असेल ते तुटतं.

मी बसवून घेतला. आमचं रान सपाट, फोर व्हील क्वचितच लागायची. उलट सडकेवर गाडी पळायला हलकी झाली. लोक म्हणाले, आण्णांनी जीप मस्त केली. मीही "हो" म्हणालो. चुकीच्या वस्तूचं असं असतं, कधीकधी ती बरोबर वस्तूपेक्षा गोड लागते.

तीन वर्षांनी जीप विकायला काढली. घ्यायला आला तो चांदोलीकडच्या वाडीतला तरुण गडी. तिकडं पाऊस दांडगा, रस्ता म्हणजे कातळ आणि तांबडी माती. दूध खाली आणायला त्याला गाडी पाहिजे होती. त्यानं सडकेवर चक्कर मारली, खूश झाला. मग विचारलं, "आण्णा, फोर व्हील लागतीया न्हवं?"

मी म्हणालो, "लागते की."

लागतच होती. लिव्हर ओढला की लागायची. माझ्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्या रात्री मी स्वतःला हेच सांगितलं आणि झोपलो. झोपही लागली, हे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या पावसाळ्यात तो दारात आला. जीप वाडीच्या चढावर मोडून पडली होती. रात्रीची वेळ, आत त्याची आई, दम्यानं कासावीस झालेली. घसरट लागली म्हणून त्यानं फोर व्हील टाकली, चिखल संपून कातळ लागला तरी काढली नाही. त्याला ती काढायची असते हे कुणी सांगितलंच नव्हतं. मोठा आवाज झाला आणि छोटा गिअरबॉक्स फुटला. चौघांनी म्हातारीला घोंगड्याच्या झोळीत घालून भर पावसात खाली सडकेपर्यंत आणलं. म्हातारी वाचली.

तो भांडायला आला नव्हता. तो म्हणाला, "आण्णा, तुमाला या गाडीचं समदं म्हाईत. गिअरबॉक्स कुठं मिळंल तेवढं सांगा."

चहा घेत बसला होता. मी गिअरबॉक्सचा पत्ता सांगितला असता तर तो आभार मानून गेला असता. नवा गिअरबॉक्स घातला असता आणि पुढच्या पावसात तोही फुटला असता. म्हणजे आता गप्प बसणं पहिल्यासारखं स्वस्त नव्हतं. पहिल्यांदा माझ्याकडं निदान "त्याला कुठं चढ लागणार" अशी पळवाट होती. आता तीही नव्हती. मी त्याला सगळं सांगितलं. ४३, ३९, मिस्त्री, सगळं.

तो बराच वेळ कपाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आधी सांगितलं आस्तं तरी गाडी घेटलीच आस्ती म्या. फकस्त कातळावर फोर व्हील काढून टाकली आस्ती."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी जे लपवलं ते लपवून मला काही मिळालंच नव्हतं, हे त्यानं एका वाक्यात दाखवलं.

मग बरोबर ॲक्सल शोधणं माझ्या अंगावर आलं, आणि ते मी घेतलंही. खडू खिशात टाकून भंगाराचे वाडे हिंडलो. प्रत्येक वाडेवाला हेच म्हणायचा, "बसंल की! घिऊन जावा." मी हब धरायला पोरगं मागायचो आणि फेरे मोजायचो. एका ठिकाणी हिशोब जुळला तर नळी वाकलेली. एका ठिकाणी सगळं जुळलं तर क्राऊनचे दात झिजून धारदार झालेले. शेवटी एक मिळाला. मिस्त्रीनं झाकण काढून दात मोजले, ४३ आणि ८. बेअरिंगं नवी घातली. दातांना शेंदूर लावून फिरवून बघितलं. शेंदूर दाताच्या मधोमध पुसला गेला पाहिजे, टोकाला किंवा बुडाला नको. दोनदा पिनियनखालच्या चकत्या बदलल्या तेव्हा कुठं खूण मधी आली. त्याला दोन दिवस लागले. त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स आणि ॲक्सल, दोन्हीचा खर्च मी दिला. हे मोठेपणासाठी सांगत नाही. ते त्याचं येणंच होतं.

माझा पुतण्या अमेरिकेत डेट्रॉइटकडं असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "काका, इथं तर या ॲक्सलवरनं बाजार चालतो." तिकडं १९६९ सालच्या शेव्हरले कॅमॅरोसारख्या जुन्या दणकट गाड्या लोक जिवापाड जपतात. मागचं झाकण बघून बोल्ट मोजतात, दहा की बारा. बाराचा ॲक्सल जास्त ताकदीच्या इंजिनाच्या गाडीला यायचा. नळीवर कारखान्यानं ठोकलेली अक्षरं असतात. तारेच्या ब्रशनं गंज काढून ती वाचतात आणि त्यावरनं ॲक्सल त्याच जातीच्या गाडीचा आहे की नाही ते ठरवतात. अस्सल ठरला की भाव चढतो, म्हणून काहीजण खोटी अक्षरंही ठोकतात. मी मनात म्हणालो, त्यांच्या लबाडीला निदान हातोडा तरी उचलावा लागतो. माझ्या लबाडीला तोंडही उघडावं लागलं नाही, नुसतं अर्ध्यावर मिटलं की झालं.

आता मूळ प्रश्न. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं का? व्यवहारात लोक म्हणतात, घेणाऱ्यानं विचारावं. त्याला डोळे आहेत, तोंड आहे. हे काही अगदी चूक नाही. बैलबाजारात घेणारा दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, आणि मग रुमालाखाली बोटं धरून भाव होतो. दाखवायला जे आहे ते दिसतंच. पण खोड दिसत नाही. आबांनी एकदा बैल विकताना आपणहून सांगितलं होतं, "ह्यो पाण्यात बसतो." भाव लगेच खाली आला. मी तेव्हा पोरगा, मला राग आला. मी म्हणालो, त्यानं विचारलं तरी होतं का? आबा म्हणाले, "त्यो काय इचारणार? त्येनं बैल पाण्यात कुठं बघितलाय?"

त्या बोलण्याचा अर्थ मला जीपनंतर कळला. प्रश्न विचारायलाही आधी थोडं माहीत असावं लागतं. वाडीतल्या गड्याला ४३ आणि ३९ माहीतच नव्हतं, तर तो विचारणार काय? त्यानं त्याला सुचला तेवढा प्रश्न विचारला, फोर व्हील लागते का. खरा प्रश्न फक्त मला आणि मिस्त्रीला माहीत होता. ज्याला प्रश्न माहीत असतो, उत्तर देण्याचं ओझं त्याच्यावरच येतं. "त्यानं विचारलं नाही" हे तिथं म्हणता येत नाही. आणि मी तर त्याच्या प्रश्नाच्या शब्दांना उत्तर दिलं, प्रश्नाला दिलंच नाही.

दुसरी गोष्ट, खोटं कुठं खपतं याची. चिखल असेपर्यंत माझा ॲक्सल चाललाच. व्यवहारात असा चिखल पुष्कळ असतो. भावकीत, सोसायटीत, लग्नाच्या बैठकीत थोडं घसरून घ्यायला जागा असते, म्हणून पुढं-मागं न जुळणारंही रेटलं जातं. आपल्याला वाटतं, जुळलं. पण त्याच रस्त्यावर कुठंतरी कातळ असतोच, आणि त्या वेळी गाडीत कोण बसलेलं असेल हे आपल्या हातात नसतं.

आता मी काही विकलं तर आधी खोड सांगतो. म्हैस लाथ मारते, मोटर गरम होते, विहिरीचं पाणी मार्चनंतर बसतं. भाव कमी येतो. घरची माणसं वैतागतात. धाकटा म्हणतो, "आण्णा, तुम्ही विकायला बसता का कबुलीजबाब द्यायला?" त्याचंही अगदीच चुकत नाही, घर त्यालाच चालवायचंय.

ती जीप अजून वाडीवर आहे. मागच्या नळीवर मी पांढऱ्या रंगानं ४३/८ लिहून दिलंय, पुढं कुणी घेतली तर त्याला कळावं म्हणून. म्हातारी मात्र गेल्या साली वारली, वयानं. मातीला गेलो होतो. तिच्या पोरानं मला जीपमधूनच सडकेपर्यंत सोडलं. कातळ आला तसा त्यानं न बोलता लिव्हर ढकलला आणि फोर व्हील काढली. आता ॲक्सल बरोबर होता, तरी कडक रस्त्यावर काढायचीच असते.

एक गोष्ट अजून मला सुटलेली नाही. तो त्या दिवशी माझ्या दारात आला म्हणून मी सांगितलं. तो आलाच नसता आणि गाडी मोडल्याचं मला दुसऱ्याकडून कळलं असतं, तर मी उठून वाडीवर गेलो असतो का? "गेलो असतो" असं लिहायला घेतलं होतं. पण ते खरं आहे का, हे मला मोजता येत नाही.