कानामागून आलेलं विज्ञान

आमच्या शेजारी एक सर राहतात. तीस वर्षं त्यांनी शाळेत शास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांची शाळा सुटली, पण शिकवणं काही सुटलं नाही. हल्ली त्यांच्या वर्गात मी एकटाच असतो. त्यामुळे वर्गातला पहिला नंबर माझा आणि शेवटचाही माझाच. सर शेवटचाच धरतात.

मानवजातीचे सगळे प्रश्न विज्ञान सोडवणार, यावर सरांची श्रद्धा आहे. श्रद्धा हा शब्द त्यांना आवडत नाही, म्हणून ते 'खात्री' म्हणतात. जे प्रश्न अजून सुटले नाहीत ते रांगेत उभे आहेत, नंबर आला की सुटतील, असं त्यांचं म्हणणं. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला नंबर या गोष्टीवर इतका विश्वास कसा राहतो, हा मला पडलेला प्रश्न. पण तो रांगेत घालायला सर तयार नाहीत.

सरांचा हुकमाचा एक्का म्हणजे देवीचा रोग. वाद माझ्या बाजूनं झुकू लागला की ते म्हणतात, "शर्टाची बाही वर करा." मी करतो. माझ्या दंडावर देवी काढल्याची गोल खूण आहे. "आता चिरंजीवांना बोलवा." चिरंजीवांचा दंड कोरा! "झालं सिद्ध?" असं म्हणून सर चहाचा कप उचलतात.

यावर बोलायला खरोखरच काही नसतं. हजारो वर्षं माणसं मारणारा, जगवली तर चेहरे विद्रूप करून आणि डोळे घालवून जगवणारा रोग; आपल्याकडे त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं तो पृथ्वीवरून गेल्याचं जाहीर केलं. एखादा रोग तालुक्यातून हलला तरी आपण नारळ फोडतो, इथं तर पृथ्वीवरून गेला! तरी मी एकदा चिकाटीनं म्हटलंच, "सर, जेनरनं लस टोचली १७९६ साली. उत्तर हातात असूनही प्रश्न सुटायला १८४ वर्षं लागली. मधल्या काळात विज्ञान काय करत होतं?"

"विज्ञान तयार होतं. माणसं यायची होती."

सरांचं बरोबर होतं. लस उन्हात टिकेना तेव्हा ती टिकाऊ केली विज्ञानानं, पण देवी आलेल्या मुलाचं चित्र हातात घेऊन दारोदार "असं कुणी घरात आहे का?" विचारत हिंडली ती साधी माणसं. शेवटी शेवटी तर रोगी दाखवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस होतं. मात्र सरांनी स्वतःच्याच तोंडानं 'माणसं यायची होती' हे कबूल केलं, ते मी मनात टिपून ठेवलं.

माझ्याही हातात एक पत्ता होता: टॉमस मिजली. हा अमेरिकन गृहस्थ म्हणजे प्रश्न सोडवण्याचं यंत्रच. मोटारीचं इंजिन ठोके मारतं, अशी तक्रार होती. मिजलीनं १९२१ साली पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घातलं आणि ठोके बंद. कामगारांना विषबाधा होऊ लागली, काही दगावले, तेव्हा त्यानं पत्रकारांसमोर तेच द्रव्य हातावर ओतून घेतलं, मिनिटभर हुंगून दाखवलं आणि यात काही धोका नाही म्हणून सांगितलं. शिशाच्या विषबाधेनं तो स्वतः आदल्याच वर्षी विश्रांती घेऊन आला होता, ही गोष्ट निराळी. पुढं फ्रिजमधला वायू विषारी म्हणून लोक घाबरत, त्यावरही त्यानं उपाय काढला. नवा वायू छातीत भरून घेतला, फुंकर घालून मेणबत्ती विझवली आणि हा विषारीही नाही, पेटतही नाही, असं दाखवून दिलं. दोन्ही प्रश्न चोख सुटले. पहिल्या उत्तरानं जगभरच्या पोरांच्या रक्तात शिसं गेलं, दुसऱ्यानं आभाळातल्या ओझोनला भोक पाडलं. अखेर १९४० मध्ये पोलिओनं पाय गेले, तेव्हा स्वतःला बिछान्यातून उठवण्यासाठी त्यानं दोऱ्या-कप्प्यांचं एक यंत्र बनवलं. १९४४ साली त्याच दोऱ्यांत गळा आवळून तो गेला.

मला वाटलं, आता सर गप्प बसतील. पण मास्तर तो मास्तरच.

"ओझोनचं भोक कुणी शोधलं? ज्योतिषांनी? पेट्रोलमधलं शिसं किती घातक आहे हे कुणी मोजलं? शास्त्रज्ञांनीच ना?" पुढं सनावळी आलीच. १९८७ चा माँट्रियल करार. शिशाचं पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद, २०२१ मध्ये सगळ्या जगातून बंद. "चूक केली विज्ञानानं आणि दुरुस्तही केली विज्ञानानं."

"पण सर, मिजलीला विचारलं होतं ते एवढंच, की ठोके कसे थांबतील. त्यानं थांबवले. ते शिसं नंतर जातं कुठं, हे त्याला विचारायचं कुणी?"

"तो प्रश्न विचारणाऱ्याचा दोष," सर म्हणाले आणि उठले. वाद बरोबरीत सुटला.

असे आमचे वाद सुखानं चालले असते. पण मधे आले अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय शहाऐंशी. गेली सात-आठ वर्षं त्यांना ऐकू येत नव्हतं. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. सर म्हणतात, कोंबडीच्या कानात उगवतात. म्हणजे आपला नंबरही लागेल. तोवर यंत्र घ्या. सर स्वतः बरोबर आले, दुकानातल्या मुलीची तोंडी परीक्षा घेतली आणि माझ्या तीन महिन्यांच्या पेन्शनीएवढं ते यंत्र अण्णांच्या कानामागं बसलं. कानामागून येऊन तिखट होणं म्हणजे काय, ते मला बिल बघून कळलं.

पण पहिल्या दिवशी घरात सण होता. अण्णांना पंख्याची घरघर ऐकू आली. कुकरच्या शिट्ट्या त्यांनी मोजल्या. खिडकीतल्या चिमणीला "ये, ये" म्हणाले. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आपण होऊन बाही वर केली.

दुसऱ्या दिवशी अण्णा आंघोळ करून, यंत्र लावून, बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी यंत्र डबीत गेलं आणि अण्णा पुन्हा ठार बहिरे.

"फसवलं आपल्याला," मी सरांना म्हटलं. आतून मला थोडा आनंदच झाला होता. सरांनी सेल तपासला, यंत्र स्वतःच्या कानाला लावून पाहिलं. उत्तम चालत होतं. मग त्यांनी पाटीवर लिहितात तसं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून अण्णांना विचारलं, "का काढलं?"

अण्णांनी कागद वाचला. "सेल कशाला फुकट जाळायचा? कुणी बोलणार असेल तेव्हा सांगा, घालीन."

सर कागदाची घडी घालत राहिले. मी चपला शोधू लागलो. घरात!

सात-आठ वर्षं आम्ही अण्णांशी ओरडून जी वाक्यं बोलत होतो ती तीन होती. जेवायला चला. गोळी घेतली का? पंखा बंद करू? यंत्र आल्यावर तीच तीन वाक्यं आम्ही हळू आवाजात बोलू लागलो, इतकाच फरक. बहिरेपण होतं तोवर सोय होती. काय करणार, त्यांना ऐकू येत नाही, असं म्हणता येत होतं. बायकोच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं म्हणे. "अण्णा खुर्चीत कशाला बसले होते, ते कळलं नाही तुम्हाला?" असं तिनं नंतर विचारलं. मला वाटलं होतं, चिमणीसाठी.

सर त्या दिवशी चहा न घेता गेले. जाताना दारात म्हणाले, "यंत्राचा दोष नाही हां." मी म्हटलं, "नाही."

संध्याकाळी अण्णांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसलो. बसलो खरा, पण बोलायचं काय? साठीच्या पुढच्या मुलाला बापाशी बोलायला विषय सापडू नये! विज्ञानाच्या रांगेत हा प्रश्न उभासुद्धा नसणार. शेवटी सरांचीच युक्ती वापरली. अण्णांच्या सदऱ्याची बाही वर केली. सुरकुत्यांत दोन गोल खुणा होत्या. त्यांवर बोट ठेवून हातानंच विचारलं, हे कसं?

"थांब," अण्णा म्हणाले. डबी उघडली. यंत्र कानात घालताना ते कुंई करून ओरडलं. मग अण्णा सावरून बसले.

गावात देवी टोचायला माणूस यायचा, त्याला सगळे देवी-डॉक्टर म्हणत. तो वेशीवर दिसला की पोरं रानात पळत. अण्णा पाच वर्षांचे. ते भाताच्या कणगीत शिरले आणि दिवसभर आतच बसले. डॉक्टर घरभर शोधून कंटाळला, धाकट्या काकांना टोचून निघून गेला. "मी काही शेवटपर्यंत सापडलो नाही!" अण्णा टाळी देत म्हणाले. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं होतं, आठवत नाही.

"अण्णा, सापडला नाहीत, तर दंडावर या खुणा कसल्या?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात कानामागं नेला.

"काय म्हणालास? हे यंत्र मधेच बंद पडतं बघ."