मोठ्या माणसाचा खटला

‘महाभियोग’ हा शब्द मराठीच्या तासाला मोठा सोयीचा आहे. महा अधिक अभियोग, दीर्घत्वसंधी, उत्तर तयार. सातवीतला मुलगाही तो अर्ध्या मिनिटात सोडवतो. पण हा शब्द व्याकरणाच्या पुस्तकातून उठून एखाद्या सभागृहात जाऊन बसला, की तो सोडवताना भल्याभल्या कायदेपंडितांना घाम फुटतो. मी पडलो मॅट्रिक. कायद्याशी माझा संबंध एवढाच, की वर्गात रोज पाच-सहा खटले मला चालवावे लागतात. डबा कोणी उघडला, खडू कोणी फेकला, पुढच्या बाकावरच्या मुलाच्या पाठीवर कागद कोणी चिकटवला. फिर्याद, साक्षी, उलटतपासणी, निकाल आणि शिक्षा हे सगळे मिळून फार तर तीन मिनिटे लागतात. कारण पुढे भूगोल शिकवायचा असतो. तेव्हा एका बाबतीत मी अधिकाराने बोलू शकतो: लहान माणसाला शिक्षा करणे फार सोपे असते.

अवघड जाते ते मोठ्या माणसाचे. आता दिवाळीचेच दिवस आहेत म्हणून उदाहरण देतो. लाडवांचा डबा हलका लागला आणि संशय घरातल्या बंडूवर गेला, तर बंडूच्या गालावरचे तूप हा पुरावा पुरतो. पण डबा आजोबांनी हलका केला असेल तर? डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, आजी फिर्यादी आहे, बंडू डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आहे. सगळे आहे, नाही तो फक्त न्यायाधीश. आजोबांना ‘उभे राहा आणि उत्तर द्या’ असे म्हणायचे कोणी? चिरंजीव वर्तमानपत्रात तोंड घालतात, सूनबाईंना स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याचा वास येतो. शेवटी फार झाले तर डबा वरच्या फळीवर जातो आणि प्रकरण मिटते. हसू नका, अमेरिकेच्या राज्यघटनेतला महाभियोग जवळजवळ एवढाच आहे. सिनेटला अध्यक्ष दोषी वाटला, तर त्याला पदावरून काढता येते, पुन्हा पदावर बसायची बंदी घालता येते. तुरुंगात धाडता येत नाही. म्हणजे डबाच वरच्या फळीवर ठेवायचा.

आणि तो डबादेखील फळीवर जाता जात नाही. १८६८ साली अँड्र्यू जॉन्सन या अध्यक्षावर खटला चालला. दोषी म्हणणारे ३५, निर्दोष म्हणणारे १९. दोन तृतीयांश मते हवी होती. एक मत कमी पडले. तेव्हापासून २०२१ पर्यंत तीन अध्यक्षांवर मिळून चार वेळा असे खटले उभे राहिले, आणि चारही वेळा आरोपी सुटला. आपल्याकडे १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना दूर करण्याचा ठराव लोकसभेपुढे आला. बाजूने १९६ मते पडली, विरुद्ध एकही नाही, आणि २०५ सभासद तटस्थ राहिले, ठराव पडला. ‘हे कोणी केले?’ असे विचारल्यावर आमच्या वर्गातही हुबेहूब असेच मतदान होते. सगळीकडे हे असेच चालते असे मात्र नाही. दक्षिण कोरियात २०१७ साली अध्यक्षांना खरोखरच घरी जावे लागले. पण असे निकाल कपिलाषष्ठीच्या योगासारखे.

या सगळ्या खटल्यांत माझा आवडता खटला मात्र जुना आहे आणि आपल्या अंगणातला आहे. तो वॉरन हेस्टिंग्जचा. पेशवाई बुडाली तेव्हा गव्हर्नर जनरल होता तो लॉर्ड हेस्टिंग्ज निराळा. उत्तरपत्रिकांत या दोघांची अदलाबदल दरवर्षी होते आणि एकाच्या गुन्ह्याचे गुण दुसऱ्याला जातात. हा वॉरन हेस्टिंग्ज १७५० साली कंपनीचा कारकून म्हणून हिंदुस्थानात आला आणि पहिला गव्हर्नर जनरल होऊन १७८५ साली परत गेला. माणूस नाटकातल्या खलपुरुषासारखा मुळीच नव्हता. त्याला फार्सी येत होती, विद्वानांची त्याला कदर होती. चार्ल्स विल्किन्सने भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर केले, त्याला शिफारशीचे पत्र लिहिले ते हेस्टिंग्जने. आणि लिहिले तेही काशी क्षेत्री बसून, १७८४ साली. त्याच काशीचा राजा चेतसिंग याच्याकडे नेहमीच्या खंडणीवर जादा रकमा मागून, शेवटी १७८१ साली त्याला राज्यातून हुसकावून लावले होते तेही हेस्टिंग्जनेच. गीतेवर सुंदर पत्र लिहिणारा हात आणि काशीच्या राजाला उठवणारा हात एकाच माणसाचे असू शकतात, ही गोष्ट मुलांना शिकवायला मला फार जड जाते.

चेतसिंगाचे प्रकरण आणि अयोध्येच्या बेगमांचे प्रकरण हे आरोपांतले मुख्य. या बेगमा म्हणजे नबाबाची आई आणि आजी. नबाब कंपनीचे देणे लागत होता. ते वसूल व्हावे म्हणून फैजाबादेस या दोघींच्या वाड्याभोवती शिपाई बसले, त्यांच्या विश्वासू कारभाऱ्यांना बेड्या पडल्या, आणि खजिना बाहेर निघाला. मुलाचे कर्ज आईच्या पेटीतून वसूल करायचे, ही रीत आपल्याला अगदीच अपरिचित नाही; पण तिच्यासाठी पलटण आणलेली फारशी कोणी पाहिली नसेल.

१३ फेब्रुवारी १७८८ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला. काय थाट तो! भिंतींना तांबडे कापड, सुमारे १७० सरदार झगे घालून हजर, राजघराण्यातल्या स्त्रिया सज्जात. सारा सिडन्स ही त्या काळची सर्वांत गाजलेली नटी, पण त्या दिवशी तीसुद्धा प्रेक्षकांत! हेस्टिंग्ज आला आणि रिवाजाप्रमाणे त्याने गुडघा टेकला. पहिले दोन दिवस आरोप आणि त्यांची उत्तरे वाचण्यातच गेले. मग एडमंड बर्क बोलायला उभा राहिला तो चार दिवस बोलत होता. त्याचे बोलणे ऐकताना अर्धा तास आपल्यालाच आपण जगातले सर्वांत पापी आहोत असे वाटले, पण मग आपल्या मनाला विचारले तेव्हा धीर आला, असे खुद्द हेस्टिंग्ज म्हणाल्याचे सांगतात. अर्ध्या तासाचा पश्चात्ताप! आमच्या वर्गात तो इतका वेळ कधीच टिकत नाही.

जूनमध्ये शेरिडन हा नाटककार बेगमांच्या प्रकरणावर बोलला, तेव्हा एकेका तिकिटाला ५० गिनी मोजल्या गेल्या म्हणतात. भाषण संपवून तो बर्कच्या मिठीत कोसळला. आता मला सांगा, कुठल्या नाटक कंपनीला असा प्रयोग आणि असे उत्पन्न लाभले असेल?

पण प्रयोगाचे दुःख हे की तो रोज रंगत नाही. भाषणे झाली आणि पुरावा सुरू झाला. म्हणजे हिशेबाच्या वह्या, पत्रांच्या नकला, तारखांचे घोळ. ज्यांनी तिकिटे काढली होती त्यांना जांभया येऊ लागल्या. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. तिकडे जास्त मजा होती. सरदार मंडळींना शिकारी होत्या, सुट्या होत्या. खटला सात वर्षे चालला, पण प्रत्यक्ष कामकाजाचे दिवस भरले जेमतेम दीडशेच्या आसपास. २३ एप्रिल १७९५ रोजी निकाल लागला तेव्हा मत द्यायला फक्त २९ सरदार उरले होते. कित्येक मरून गेले होते, आणि जिवंत होते त्यांतल्या बहुतेकांचा उत्साह मेला होता. कुठल्याही आरोपावर सहाहून जास्त मते विरुद्ध पडली नाहीत. हेस्टिंग्ज निर्दोष सुटला.

आता तो खरोखर निर्दोष होता का? बर्कने पुष्कळ ठिकाणी तिखटमीठ लावले, असे म्हणणारे इतिहासकार आहेत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्याची माझी प्राज्ञा नाही. हेस्टिंग्जचा बचावासाठी ७०,००० पौंडांहून अधिक खर्च झाला आणि तो बुडाला. कंपनीने पुढे त्याला वर्षाला ४,००० पौंडांची नेमणूक करून दिली. निर्दोष माणसाला सात वर्षे टांगून ठेवणे हाही अन्यायच, आणि दोषी माणसाला सात वर्षांनी सोडून देणे हाही अन्यायच. म्हणजे तो कसाही असो, न्याय काही झाला नाही. मला जी गोष्ट बोचते ती वेगळीच आहे. त्या तांबड्या कापडाच्या दिवाणखान्यात सरदार होते, वक्ते होते, नट्या होत्या. नव्हते ते ज्यांचे गेले ते लोक. बेगमा नव्हत्या. त्यांचे बेड्या पडलेले कारभारी नव्हते. आणि चेतसिंग कुठे होता? तो होता ग्वाल्हेरीस, आपल्या महादजी शिंद्यांच्या आश्रयाला. तिथेच १८१० साली तो वारला. त्याच्या नावाने लंडनला इतकी सुंदर भाषणे झाली, पण त्याची काशी काही त्याला परत मिळाली नाही.

मराठी माणसाला इथे रामशास्त्र्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही, आणि ती काळाला धरूनच आहे. नारायणराव पेशव्यांचा खून झाला १७७३ साली. राज्यावर बसलेल्या रघुनाथरावांना रामशास्त्री प्रभुण्यांनी तोंडावर सांगितले, की या पापाला देहान्त प्रायश्चित्त. आणि ते पुणे सोडून निघून गेले, अशी कथा आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. पुढे रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, १७७५ साली सुरतेचा तह झाला, आणि तो तह मुंबईकरांनी परस्पर केला म्हणून कलकत्त्याला कोणाचे डोके फिरले? याच हेस्टिंग्जच्या सरकारचे! एकाच काळातली माणसे. पण एका बाजूला सात वर्षांचा खटला आणि दुसऱ्या बाजूला एक वाक्य.

मात्र हातावर टाळी द्यायची घाई करू नये. रघुनाथरावांनी ते प्रायश्चित्त काही घेतले नाही. दहा वर्षांनी, १७८३ साली, ते कोपरगावी आपल्या मरणाने मेले. शिक्षा इकडेही झाली नाही आणि तिकडेही झाली नाही. मग फरक काय? फरक माझ्या मते ऐकणाऱ्यांत आहे. रामशास्त्र्यांचे वाक्य लोकांनी विसरायचे नाकारले. मराठी मुलांना ते अजून माहीत आहे. राघोबादादा अटकेपर्यंत गेले हे ज्या मुलाला ठाऊक असते, त्याला हेही ठाऊक असते. हेस्टिंग्जचा खटला लोकांनी तिकिटे काढून पाहिला आणि कंटाळा आल्यावर ते घरी गेले.

मला वाटते, मोठ्या माणसाचा सर्वांत हुशार वकील म्हणजे आपला कंटाळा. त्याला फी द्यावी लागत नाही, तो कधी आजारी पडत नाही, आणि फक्त तारखा पुढे ढकलून तो खटला जिंकतो. लहान माणसाचा गुन्हा हाताचा असतो. तो चटकन दिसतो, गालावर तूप असते. मोठ्या माणसाचा गुन्हा सहीचा असतो. तो वह्यांत, पत्रांत, तारखांत विखुरलेला असतो, आणि तो वाचायला बसणे भाषणाइतके रंजक कधीच नसते. आपण शेरिडनच्या दिवशी ५० गिनी द्यायला तयार असतो. पण हिशेबाच्या वहीच्या दिवशी फुकटसुद्धा जात नाही. आणि न्याय, मेला, नेमका त्याच दिवशी व्हायचा असतो.

म्हणून हे खटले निरुपयोगी का? तसे मला म्हणवत नाही. ज्याच्या एका सहीने राजे उठत होते त्याला भरसभेत गुडघा टेकावा लागला, आरोप ऐकावे लागले, उत्तर द्यावे लागले. हे काही थोडे नव्हे. दूरच्या मुलखात केलेल्या कृत्याचा जाब घरी मागितला जाऊ शकतो, एवढे तरी त्या दिवशी जगाला दिसले. आजोबांना एकदा ‘डबा तुम्ही उघडलात का?’ असे सर्वांसमक्ष विचारले गेले, की दुसऱ्या दिवशी डब्याकडे हात नेताना ते निदान दाराकडे पाहतात.

पण विचारणाऱ्यांनी उत्तर येईपर्यंत बसून राहिले पाहिजे. नाहीतर काय होते तेही हेस्टिंग्जच्याच चरित्रात आहे. १८१३ साली कंपनीच्या सनदेबद्दल साक्ष द्यायला तो ऐंशीचा म्हातारा हाउस ऑफ कॉमन्समध्ये आला. ज्या सभागृहाने पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्यावर आरोप ठेवले होते, तेच सभागृह टोप्या काढून त्याच्या मानासाठी उभे राहिले. चेतसिंगाला ग्वाल्हेरीस मरून तेव्हा तीन वर्षे झाली होती. त्याच्यासाठी तिथे कोणी उभे राहिल्याचे माझ्या वाचनात नाही.