सवड आणि आवड

आवड असली की सवड होते, अशी एक म्हण आपल्या मराठीत रूढ आहे. निरूपण संपल्यावर कोणी सद्गृहस्थ ‘बाबा, स्मरणाला वेळच मिळत नाही’ असे म्हणाला, की ही म्हण वक्त्याच्या तोंडी हटकून येते. ऐकणारा मान खाली घालतो आणि विषय तेथेच थांबतो. परंतु या म्हणीत एक गृहीत दडलेले आहे. प्रत्येकाचा दिवस प्रत्येकाच्या मालकीचा असतो, हे ते गृहीत होय. ते खरे असेल तरच सवडीचा अभाव हा आवडीचा अभाव ठरेल. म्हणून ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘व्यग्र’ या शब्दाकडे वळू. कामात गढलेला, या अर्थाने आपण तो सर्रास वापरतो. त्याची फोड मात्र वेगळे सांगते. वि आणि अग्र. ज्याचे अग्र म्हणजे टोक निरनिराळ्या दिशांनी फाकले आहे, तो व्यग्र. याच्या उलट एकाग्र. कामे किती आहेत याचा या दोन्ही शब्दांत उल्लेखच नाही, उल्लेख आहे तो टोकाचा. सुईत दोरा ओवताना दोऱ्याचे टोक पिंजलेले असेल तर तो नेढ्यातून जात नाही. मग तो वीतभर असो की हातभर. पुष्कळ कामे असलेला मनुष्य एकाग्र असू शकतो आणि सेवानिवृत्त होऊन ओसरीवर बसलेला, हाती भ्रमणध्वनी घेऊन क्षणाक्षणाला नवे चित्र पाहणारा मनुष्य अत्यंत व्यग्र असू शकतो.

गीतेच्या आठव्या अध्यायात श्रीकृष्ण महाराज अर्जुनाला सर्व काळी आपले स्मरण करावयास सांगतात आणि त्याच वाक्यात युद्ध करावयासही सांगतात. दोन आज्ञा आहेत आणि त्यांना जोडणारे एकच अव्यय आहे. आधी युद्ध संपव आणि मग स्मरण कर, असा क्रम तेथे नाही. रणांगणाहून अधिक गडबडीचे स्थळ कोणते? तेव्हा स्मरण हे दिवसाच्या वेळापत्रकातील आणखी एक काम नव्हे, एवढे निश्चित होते.

येथे जिज्ञासू वासनिक एक रास्त शंका घेतील. हिशेबाच्या वहीत बेरीज करणाऱ्याने नामाकडे मन लावले तर बेरीज चुकेल, त्याचे काय? ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. कामे दोन जातींची असतात. दळणे, निंदणे, विणणे, चालणे या कामांत हात आपले काम जाणतात आणि मन मोकळे राहते. जात्यावरच्या ओव्या याच मोकळ्या मनातून जन्मल्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. (ओव्या गोड आहेत म्हणून दळणेही गोड होते, असे मात्र कोणी समजू नये. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायांनी जात्यासाठी अश्रू ढाळले नाहीत.) दुसऱ्या जातीची कामे बुद्धीची. तेथे कामावर पूर्ण चित्त देणे हाच धर्म आहे. अशा कामाच्या दोन टोकांना मात्र जागा असते. बसण्यापूर्वी हे कोणासाठी करीत आहोत याची जाणीव आणि उठताना घटकाभर थांबणे. या सांध्याच्या जागाच आज आपण भ्रमणध्वनीने बुजवून टाकल्या आहेत. दिवस लहान झालेला नाही, त्याचे सांधे मात्र लिंपले गेले आहेत.

एवढ्यापर्यंत म्हण आपल्याला साथ देते. पुढे मात्र ती लंगडू लागते.

रोमचा तत्त्वज्ञ सेनेका याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात आयुष्याच्या अल्पत्वावर एक छोटा ग्रंथ लिहिला. आयुष्य अल्प नाही, आपण ते उधळून अल्प करतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. पैशाच्या बाबतीत कृपण असणारा मनुष्य वेळ मात्र मागेल त्याला वाटत सुटतो, हे त्याचे निरीक्षण आजही तंतोतंत पटते. हा ग्रंथ त्याने पौलिनुस नावाच्या गृहस्थाला उद्देशून लिहिला. पौलिनुस रोम नगराच्या धान्यपुरवठ्याचा अधिकारी होता. आता ही कोठारांची उस्तवार सोड आणि स्वतःच्या जीवनाचा हिशेब पाहा, असा सेनेकाचा त्याला उपदेश आहे. उपदेश उत्तम आहे. पण धान्य कोणीतरी मोजलेच पाहिजे. पौलिनुस उठला तर त्या जागी दुसरा बसेल आणि त्याच्या आयुष्याचे काय, हा प्रश्न तसाच राहतो. शिवाय सेनेका स्वतः गडगंज श्रीमंत होता, दासदासींच्या श्रमावर त्याची निवांत सकाळ उभी होती. त्यामुळे त्याचा विचार असत्य ठरत नाही, पण अपुरा ठरतो.

वेळ नाही म्हणणारी माणसे एका प्रकारची नसतात. काहींनी आपला वेळ स्वहस्ते दिलेला असतो; अधिक द्रव्यासाठी, मानासाठी, समितीवरील एका खुर्चीसाठी. त्यांना म्हण ऐकवावी, ती त्यांच्यासाठीच आहे. परंतु काहींचा वेळ दुसऱ्यांनी घेतलेला असतो. मुंबईच्या गिरणीकामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती, तेव्हा त्यांना परमार्थाची आवड नव्हती असे कोण म्हणेल? नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून चालविलेल्या खटपटीनंतर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तेथे सवड आधी मिळवावी लागली. ती आवडीतून आपोआप उगवली नाही.

आणि घरातले काय? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली दिवसाच्या वेळेचा वापर कसा होतो याची देशभर पाहणी केली. घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जात होता. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा वेळ 97 मिनिटे होता आणि मुळात ती करणारे पुरुषच थोडे होते. 299 मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. पुष्कळ घरांत हे पाच तास शेताच्या किंवा नोकरीच्या कामावर चढलेले असतात. अशा गृहिणीला आवडीची म्हण ऐकविणे म्हणजे ज्याची भाकर आपण खाल्ली त्यालाच उपवासाचे माहात्म्य सांगणे होय.

हे आपल्या मार्गातील भिक्षुकांनी तर विशेषच लक्षात घ्यावे. विजनी बसून स्मरण करण्याची मोकळीक आपणांस आहे. पण झोळीतील अन्न ज्या हातांनी रांधले त्या हातांना ती मोकळीक नव्हती. भिक्षेचे अन्न विनम्रतेने घ्यावे असे आपण शिकतो. त्या विनम्रतेत त्या हातांच्या वेळेचेही ऋण धरले पाहिजे, असे आमचे मत आहे. सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म आणि निद्रा या सर्वांना ‘युक्त’ हे एकच विशेषण लाविले आहे. युक्त म्हणजे बेताचे, प्रमाणात. आपला आहार युक्त राहावा म्हणून दुसऱ्याची निद्रा अयुक्त होत असेल, तर तो श्लोक आपण अर्धाच आचरिला.

पर्वकाळी मंडपात निरूपण चालू असता स्वयंपाकघरात बाया भाकरी थापीत असतात. तिकडे ध्वनिक्षेपकाचा एक कर्णा लावला की त्यांची सोय झाली, असे व्यवस्थापक मानतात. धुरात आणि भांड्यांच्या आवाजात किती ऐकू येते, हे कर्णा लावणाराच जाणे. यावर उपाय अवघड नाही. निरूपण पंगतीनंतर ठेवावे, वाढण्याचे आणि भांडी घासण्याचे काम पुरुषमंडळींनी व आश्रमातील भिक्षुकांनी उचलावे आणि सर्व बाया मंडपात येऊन बसल्यावरच पोथी उघडावी. त्या दिवशी निरूपणाला तासभर उशीर होईल. हाताला काम असता स्मरण कितपत टिकते, याचा अनुभव त्या तासात वक्त्यालाही येईल आणि पुढच्या पर्वाला तो त्याविषयी अधिक जबाबदारीने बोलू शकेल.