करुणा आणि करणी

फाल्गुन सरून चैत्र लागला की बीड जिल्ह्यातील गावे पुन्हा माणसांनी भरू लागतात. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेली कुटुंबे परत येतात. महिनोन् महिने बंद राहिलेली दारे उघडतात, अंगणे सारवली जातात, आणि आमच्या लहानशा मंदिरात रविवारच्या मिस्साबलीला उभे राहण्यापुरतीही जागा उरत नाही. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात हा जिल्हा मोडतो. येथील ख्रिस्ती कुटुंबे संख्येने थोडी व विखुरलेली आहेत, आणि त्यांतील पुष्कळांचा संसार कोयत्यावरच चालतो. त्यांच्या परतण्याचा आनंद आम्हांला दरवर्षी होतो. परंतु त्याच दिवसांत एक विनंतीही आमच्या दाराशी येऊन उभी राहते : "फादर, हिला बाहेरचं झालंय. प्रार्थना करा, आणि कोणी केलंय तेवढं सांगा."

या विनंतीत दोन मागण्या आहेत. प्रार्थनेची मागणी ऐकणे हे धर्मगुरूचे कर्तव्यच होय. पण दुसऱ्या मागणीचे काय करावे? दोहोंमध्ये केवढे अंतर आहे हे सेमिनरीत आम्हांला शिकविले गेले होते. उमगले मात्र स्वतःच्या हातून घडलेल्या एका अपराधानंतर. तो अपराध आम्ही येथे सांगणार आहोत, कारण त्यातून निघालेला प्रश्न आपल्या सर्वांचा आहे.

काही वर्षांपूर्वी, पाडव्याच्या सुमारास, एका तरुण विवाहितेला घेऊन तिच्या घरची माणसे आमच्याकडे आली. तिन्हीसांजेला तिचे अंग ताठ होई, दातखीळ बसे, आणि मग ती घोगऱ्या, परक्या आवाजात बोलू लागे. घरच्यांनी आधी देवऋषी गाठला होता. त्याने उतारा टाकला, अंगारा दिला आणि 'भावकीतल्याच एका बाईची करणी आहे' असे मोघम सांगून आपली दक्षिणा घेतली. मोघम शब्दाला नाव मिळायला वेळ लागत नाही. त्या वस्तीत एक निपुत्रिक विधवा राहत असे, नात्याने त्या मुलीची चुलत सासू. संशय तिच्यापाशी जाऊन थांबला.

तो प्रायश्चित्तकाळातील शुक्रवार होता. क्रूसाच्या वाटेची भक्ती नुकतीच संपली होती. आम्ही त्या मुलीच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली, तोच तिचे अंग ताठ झाले. लोक पुढे सरकले. स्त्रियांनी जपमाळेचा आवाज चढविला. सर्वांचे डोळे आमच्यावर खिळले होते, आणि खरे सांगायचे तर ते आम्हांला सुखावत होते. आम्ही मोठ्याने विचारले, "तू कोण आहेस? तुला कोणी पाठविले?" तिने नाव घेतले. सर्वांच्या मनात आधीच असलेलेच ते नाव होते; आणि त्या नावाची स्त्री दाराजवळच्या चटईवर बसलेली होती. निरपराध असून आरोपी ठरलेल्या प्रभूच्या मागून चौदा स्थाने चालून आल्यावर, घटकाभरातच, आम्ही आणखी एक आरोपी उभा केला होता.

ती उठली आणि निघून गेली. त्या रात्री तिच्या पत्र्यावर दगड पडले. दुसऱ्या दिवसापासून हातपंपावर तिची घागर मागे सारली जाऊ लागली. लेकुरवाळ्या स्त्रिया तिला पाहून मुलांना पदराआड घेऊ लागल्या. रविवारी ती मिस्साबलीला आली नाही. पुनरुत्थानाच्या सणालाही आली नाही. देवऋष्याने जे मोघम सोडले होते त्यावर आम्ही वेदीसमोर शिक्कामोर्तब केले होते. आणि ती मुलगी? तिला आठच दिवसांत पुन्हा तसेच झाले.

मनाला आम्ही समजावीत होतो की प्रभू येशूनेही दुष्टात्म्याला नाव विचारले होते. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील तो प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. तो मनुष्य थडग्यांमध्ये राहत असे; लोकांनी त्याला बेड्या-साखळ्यांनी बांधून पाहिले होते; रात्रंदिवस तो ओरडे आणि दगडांनी आपलेच अंग जखमी करी. येशूने नाव विचारले हे खरे. परंतु त्या आठवड्यात हा अध्याय आम्ही पुनःपुन्हा वाचला, आणि एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. कोणी पाठविले, कोणत्या वैऱ्याने केले, कोणाची दृष्ट लागली, यांपैकी काहीही येशू विचारीत नाही. त्या साऱ्या संवादात गावातील एकाही माणसाकडे बोट जात नाही. पुढे तो मनुष्य कपडे घालून, भानावर येऊन शांत बसलेला दिसतो. त्याला येशूबरोबर जावयाचे असते. पण येशू त्याला घरी पाठवितो, प्रभूने आपल्यावर केवढी करुणा केली हे आपल्या माणसांना सांगण्यासाठी. करुणेचा उल्लेख या प्रसंगात अगदी शेवटी येतो, आणि तो घराकडे जाणाऱ्या वाटेवर येतो. मुक्त झालेला मनुष्य आपल्या माणसांत परत जातो. त्याच्या बदली थडग्यांकडे कोणालाही हाकलले जात नाही.

संत योहानच्या नवव्या अध्यायातही असेच आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? आमच्या दाराशी येणारा प्रश्न तो हाच. येशू तो प्रश्नच नाकारतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावतो.

सैतान या शब्दाचा अर्थच येथे आपल्या मदतीला येतो. हिब्रू भाषेत 'सैतान' म्हणजे विरोधात उभा राहणारा, आरोप ठेवणारा. ग्रीक भाषेतील 'दियाबोलोस' म्हणजे निंदा करणारा, चहाडखोर. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात त्याची ओळख अशी की तो बंधुजनांवर रात्रंदिवस देवासमोर दोषारोप करीत असतो. याउलट पवित्र आत्म्याला आपण 'कैवारी' म्हणतो, म्हणजे आरोपीच्या बाजूने उभा राहणारा. मग 'कोणी केले?' असे विचारून आम्ही भर मंदिरात एका विधवेवर आरोप येऊ दिला, तेव्हा आम्ही कोणाचे काम करीत होतो? प्रभूवरही आरोप होता की तो बालजबूलच्या साहाय्याने भुते काढतो. करणीचा आळ कसा असतो हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे.

यावर कोणी विचारील, फादर सैतानाला मानीत नाहीत काय? मानतो. सैतान आहे, आणि ख्रिस्तापुढे त्याचे काही चालत नाही, ही ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे, आमचीही आहे. परंतु म्हणूनच ख्रिस्तसभेने या बाबतीत कडक शिस्त घालून दिली आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील १,१७२ व्या कलमानुसार, स्थानिक धर्माधिकाऱ्याची स्पष्ट परवानगी असल्याशिवाय कोणाही धर्मगुरूला भूतबाधितावर एक्झॉर्सिझमचा विधी करता येत नाही. १९८५ साली रोमहून जगातील सर्व बिशपांना पाठविलेल्या पत्रात आणखी स्पष्ट बजावले आहे की, असा अधिकार नसणाऱ्यांनी चालविलेल्या प्रार्थनासभांत दुष्टात्म्यांना थेट प्रश्न विचारून त्यांची ओळख शोधू नये. १९९८ साली संमत झालेल्या नव्या विधिग्रंथातही हा विवेक आहे : कोणी आपल्यावर करणी केली असे समजणाऱ्यांना आध्यात्मिक आधार जरूर द्यावा, पण त्यांच्यासाठी हा विधी वापरू नये. ही शिस्त आम्हांला ठाऊक होती. परवानगी आमच्यापाशी नव्हती. होती ती गर्दी.

ख्रिस्ती इतिहासाने या प्रश्नाची फार मोठी किंमत मोजली आहे. युरोपात चेटकीण ठरवून हजारो स्त्रियांना जाळण्यात आले, आणि तेथेही एकीचा छळ करून तिच्या तोंडून दुसरीचे नाव काढून घेतले जाई. जर्मनीतील येशूसंघीय धर्मगुरू फ्रीडरिश श्पे यांनी १६३१ साली, आपले नाव न घालता, या खटल्यांविरुद्ध ग्रंथ लिहिला. छळापुढे कोणीही काहीही कबूल करील, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी तो कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे याप्रमाणेच, अमुक माणूस करणी करतो असे सांगून त्याचे जगणे असह्य करणे हाही त्या कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा श्रद्धेच्या विरोधात आहे अशी भीती आपल्यापैकी काहींना वाटते. आम्हांला तर त्यात जन्मांधाच्या कथेतील येशूच्या उत्तराचाच प्रतिध्वनी ऐकू येतो.

आम्ही त्या विधवेच्या घरी गेलो. तिने दार अर्धेच उघडले. आम्ही क्षमा मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लोकायचं जाऊ द्या, फादर. पर तुमी बी इचारलं." या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

पुढचा रविवार दैवी करुणेचा होता. ३० एप्रिल २००० रोजी संत फॉस्तिना हिला संतपद देताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी पुनरुत्थानानंतरच्या रविवाराला हे नाव दिले. त्या दिवशीचे शुभवर्तमान असे : बंद दारांआड शिष्य भेदरून बसलेले असताना प्रभू आत येतो. पळून कोण गेले, नाकारले कोणी, हे तो विचारीत नाही. तो शांती देतो. आम्ही प्रवचनात आपला अपराध कबूल केला. अब्रू चारचौघांत घेतली होती, ती चारचौघांतच परत करावयास हवी होती.

नंतर त्या मुलीला तिच्या घरच्यांसह आम्ही अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात घेऊन गेलो. तेथील डॉक्टरीणबाईंनी झोपेची, जेवणाची चौकशी केली, आणि मग हळूच विचारले, "बाळं किती?" तेव्हा जे कोणाला सांगितले नव्हते ते बाहेर आले. उसाच्या फडावर, कोपीत, सातव्या महिन्यात तिला मेलेले मूल झाले होते. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा मोळ्या वाहत होती, कारण खाडा पडला तर तो मुकादमाच्या उचलीत धरला जातो. त्या मुलासाठी कोणी रडले नव्हते. त्याला नावही नव्हते.

पोप जॉन पॉल यांनी १९८० साली ईश्वरी करुणेवर लिहिलेल्या परिपत्रकात एका हिब्रू शब्दाकडे लक्ष वेधले आहे. 'रेहेम' म्हणजे गर्भाशय, आणि त्यापासून झालेला 'रहमीम' म्हणजे करुणा. आईला पोटच्या मुलाविषयी वाटते ती करुणा. ज्या जिल्ह्यात, २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीनुसार, ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते, त्या जिल्ह्यात हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते. एवढ्या दुःखाचा जाब विचारण्यासाठी बोटे उचलायचीच तर ती कोठे जायला हवी होती? मुकादमाचे नाव कोणी घेतले नाही. कारखान्याचे नाव कोणी घेतले नाही. नाव निघाले ते, जिला ना पाठीराखा ना मूलबाळ, अशा एका विधवेचे. पाण्यासारखेच आळही उताराकडे वाहतो. एका घरातील बाधा काढून ती दुसऱ्या घरात नेऊन ठेवणे याला मुक्ती म्हणता येत नाही.

आता बाधा झाली म्हणून कोणी आले की आम्ही चार माणसांपुरतीच, हळू आवाजात प्रार्थना करतो. पीडिताला बोलू देतो. दुष्टात्म्याशी बोलत नाही. डॉक्टरांकडे कधी नेणार ते त्याच वेळी ठरवून घेतो. आणि कोणावर संशय आहे असे कानी आले तर त्याच संध्याकाळी त्या घरी जाऊन चहा घेतो, दार उघडे ठेवून, वस्तीला दिसेल असा.

त्या मुलीची औषधे चालू आहेत. मध्यंतरी एकदा तिला पुन्हा त्रास झाला, पण तिने कोणाचे नाव घेतले नाही. मृत बालकासाठी आम्ही मिस्साबली अर्पण केला, तेव्हा ती मोकळेपणी रडली. विधवा सात महिन्यांनी मंदिरात आली. ती अजूनही दाराजवळच बसते. शांतिचिन्हाच्या वेळी आम्ही वेदीवरून उतरून तिच्यापर्यंत जातो. ती हात जोडते. कधी आमच्याकडे पाहते, कधी पाहत नाही.

वाचकहो, प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत शेवटचे मागणे वाईटापासून सोडविण्याचे आहे. ते एकवचनी नाही. 'मला' सोडव असे म्हणण्यास प्रभूने शिकविले नाही; त्याने शिकविलेला शब्द 'आम्हांला' असा आहे. त्या शब्दात तिन्हीसांजेला किंचाळणारी मुलगी आहे, तशीच दाराजवळच्या चटईवरील ती स्त्रीही आहे. दोघींपैकी एकीला वगळून ही प्रार्थना म्हणता येत नाही.