अर्ध्या माणसाचा समुद्र

निवृत्तीनंतर माणसानं काय करावं, याबद्दल आपल्याकडे उत्तमोत्तम सल्ले फुकट मिळतात. कोणी ज्ञानेश्वरी वाचा म्हणतं, कोणी पहाटे फिरायला जा म्हणतं, आणि घरची मंडळी म्हणतात, काहीही करा पण स्वयंपाकघरात येऊ नका. बीडमध्ये राहून घरात समुद्र करा, असा सल्ला मात्र मला कोणीही दिलेला नव्हता. तो उद्योग सर्वस्वी माझा.

बीडचा आणि समुद्राचा तसा काडीचा संबंध नाही. मुंबईचा किनारा इथून रस्त्यानं चारशे किलोमीटरच्या आसपास. भूगोल काढून बसलं तर आमच्या पायाखालचा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे पूर्वी इथं आग होती आणि आता ऊन आहे. पाण्याच्या बाबतीत आम्ही पाहुण्यांना दोनच गोष्टी दाखवतो. एक निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर, आणि दुसरं कुंडाच्या पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वराचं देऊळ. ज्या गावात देवानंसुद्धा आधी पाणी बघून मग जागा धरली, त्या गावात माणसानं जपून राहावं हे मला कळायला हवं होतं.

पण याचं मूळ 1971 सालात आहे. त्या वर्षी आमच्या शाळेची सहल मुंबईला गेली होती. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली उघडलेलं. तिथल्या काचेला नाक लावून मी उभा राहिलो. पलीकडून एक मासा आला आणि माझ्याकडे बघत थांबला. वर्गात माझ्याकडे इतकं लक्ष देऊन तोवर कोणी बघितलं नव्हतं. पुढं मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण तो मासा डोक्यातून गेला नाही. निवृत्तीचे पैसे हातात आले आणि मी 200 लिटरची टाकी आणली.

गोड्या पाण्याची टाकी म्हणजे भाड्याचं घर. भरलं पाणी, सोडले मासे. खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे स्वतः बांधलेलं घर. एका लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार लागतात. म्हणजे 200 लिटरला सात किलो.

"सात किलो मीठ?" ही म्हणाली. "अहो, माझ्या वर्षाच्या लोणच्याला दोन किलो लागतं."

हे मीठ लोणच्याचं नव्हे, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे सगळं समुद्राच्या प्रमाणात असावं लागतं, असं मी सांगितलं. त्यावर तिनं लोणचंसुद्धा प्रमाणातच करावं लागतं, एवढंच ऐकवलं. पाण्याची घनता 1.025 आली की समुद्र झाला असं समजायचं. आमचं बोअरचं पाणी याला चालत नाही. ते इतकं जड, की चहाच्या पातेल्यात दर आठवड्याला पांढरा थर बसतो. म्हणून पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. हे यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देतं आणि तीनेक लिटर नापास करून बाहेर सोडतं. मास्तर म्हणून मला त्याचा निकाल ओळखीचा वाटला.

समुद्र झाला तरी मासे लगेच सोडता येत नाहीत. महिना दीड महिना पाणी पिकू द्यावं लागतं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट. कचेरीतल्या फायलीसारखा हा प्रवास आहे. शेवटच्या टेबलावर नायट्रेट साचत जातं आणि ते आपणच बादलीनं उपसून बाहेर काढायचं. म्हणून दर आठवड्याला 20 लिटर पाणी बदलायचं. तोवर गल्लीतली मंडळी मासे बघायला यायची आणि पाणी बघून जायची. शेजारचे अण्णा तर रोज विचारायचे, "उगवले का?"

शेवटी मासे आले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउन मासे, समुद्रातून पकडलेले नव्हेत, टाकीतच पैदा झालेले. या जातीत मोठी असते ती मादी, आणि ती गेली तर नर स्वतःच मादी होतो. ही माहिती मिळाल्यापासून आमच्या हिला त्या टाकीबद्दल एकदम आदर वाटू लागला. संक्रांतीच्या वाणातलं एक मातीचं बोळकं मी धुऊन आत ठेवलं. त्यात दोघांनी संसार मांडला.

राहता राहिलं प्रवाळ. प्रवाळ म्हटलं की आपल्याला अंगठीतलं पोवळं आठवतं, पण समुद्रातलं प्रवाळ म्हणजे बारीक बारीक जीवांची वसाहत. महाराष्ट्राचं प्रवाळ मालवणच्या पाण्यात आहे, आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे तिथं. या बँकेत खातं उघडता येत नाही. खडक बांधणारं प्रवाळ 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला. "सर, एक तुकडा पाठवतो, कोणाला कळतंय?" असं एका गृहस्थानं मला फोनवर सांगितलं. मी नको म्हणालो. तत्त्वनिष्ठा वगैरे काही नाही, भीती वाटली. मग पुष्कळ दिवस मी त्या भीतीला तत्त्वनिष्ठा म्हणत होतो. माझ्या टाकीत भाजक्या मातीचा कृत्रिम खडक आहे. प्रवाळाशिवाय प्रवाळखडक म्हणजे नवरदेवाशिवाय वरात, पण बँड तरी वाजतो.

खरी परीक्षा एप्रिलात झाली. प्रवाळाला दीड-दोन अंशांची वाढसुद्धा फार दिवस सोसत नाही. 1998 साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं होतं. माझे मासे तेवढे नाजूक नाहीत, पण बाहेर 42 अंश होते आणि रात्री वीज गेली. पंप बंद, पंखा बंद. मी बर्फाच्या बाटल्या टाकीत तरंगत ठेवल्या आणि पहाटे चारपर्यंत पाणी हातानं ढवळत बसलो. ही कंदील धरून उभी होती. तीन वाजता ती शांतपणे म्हणाली, "माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळून तुम्ही इतके जागला नव्हता."

मला मात्र त्या पहाटे फार बरं वाटलं. एका मुक्या जीवासाठी आपण रात्रभर जागलो! आपण दयाळू आहोत, असा अधूनमधून माझा समज होतोच. आता पुरावा मिळाला. हा पुरावा सकाळी नऊपर्यंत टिकला. नऊ वाजता मावशी आल्या.

मावशी आमच्याकडे धुणीभांड्याला येतात. मुलगा-सून दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, नातवंडं यांच्यापाशी असतात. मी टाकीत शुद्ध पाणी ओतत होतो, कारण उन्हाळ्यात रोज चारेक लिटर पाणी वाफ होऊन जातं आणि मीठ मागं राहतं. मावशी हात पुसत उभ्या राहिल्या.

"सर, एक इचारू का? ह्ये मासे पाण्यातच हायेत की. त्यांला आनिक पानी कशाला?"

प्रश्न विचारला की मास्तर खुश होतो. मी सांगितलं, समुद्रातल्या माशाच्या अंगातलं पाणी बाहेरचं खारट पाणी ओढून घेतं. म्हणून तो सारखा पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. म्हणजे चहूकडे पाणी असून तो तहानलेलाच.

"मंग आमच्याच वस्तीवरचा हाय म्हना की," मावशी म्हणाल्या.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या वस्तीवर तेव्हा टँकर चार दिवसांआड येत होता. आमचं बोअरही मार्चमध्येच आटलं होतं, पण आम्ही टँकर विकत घेत होतो. तहान एकच, ऐपत दोन. मला ओशाळल्यासारखं झालं आणि मी माशांचं एक कॅन शुद्ध पाणी त्यांना देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅन परत आणलं. "ह्याला चवच न्हाई, सर. ह्ये मासळ्यांलाच ऱ्हाऊ द्या. आमाला साधंच द्या. पर रोज द्या."

त्या रात्री वीज होती, तरी मला झोप आली नाही. मी कागद घेऊन हिशेबाला बसलो. आठवड्याला बदलायचं पाणी 20 लिटर, वाफेचं 28, एकूण 48. त्यासाठी यंत्राला पाजायचं जवळजवळ 200. म्हणजे रोजचे 28 लिटर. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेत खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी धरलेलं आहे. माझे दोन मासे मिळून अर्धा माणूस होत होते.

मग मी स्वतःचं वकीलपत्र घेतलं. यंत्रानं नापास केलेलं पाणी आपण भांड्यांना वापरतोच की! ते वजा करा. राहिले रोजचे सात लिटर. म्हणजे मासे अष्टमांश माणसावर आले. शिवाय लोक गाड्या धुतात, हिरवळी भिजवतात. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं दुष्काळामुळं आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. मैदानांपुढं माझं एक बोळकं ते काय! हिशेब उतरत उतरत जवळजवळ शून्यावर आला. फक्त मावशींचा हंडा त्यानं पेलाभरही भरला नाही. दुसरा जास्त उधळतो हे सिद्ध केलं म्हणजे आपली उधळपट्टी काटकसर होत नाही, हे मी वर्गात शिकवत आलो होतो. घरी उजळणी राहिली होती.

सकाळी अण्णांनी उपाय सुचवले. पहिला, मासे बिंदुसरेत सोडा. पण समुद्राचा मासा गोड्या पाण्यात मरतो, आणि बिंदुसरेत तेव्हा गोडंही पाणी नव्हतं. दुसरा, टाकी पुण्याला कोणाला तरी विका. त्यानं मासे वाचले असते, पण माझा प्रश्न फक्त दुसऱ्याच्या दिवाणखान्यात गेला असता. "मग आणलेच कशाला?" अण्णा म्हणाले.

हेच तर आहे. आणेपर्यंत ती माझी हौस होती. आणल्याबरोबर ती त्यांची गरज झाली. हौस सोडता येते, गरज सोडता येत नाही. पण मग ज्याला आपण आणलं नाही त्याची गरज आपली नव्हे, असं समजायचं का? मावशींची तहान मी आणलेली नाही, म्हणून बारा वर्षं रोज समोर असून ती मला दिसली नव्हती. माशांची दिसत होती, कारण त्यांच्यावर मी दिवा लावला होता.

मी फार थोर असं काही केलं नाही. टाकीवर काच झाकली, त्यानं वाफ बरीच कमी झाली. नवे मासे आणायचे नाहीत असं ठरवलं. विकतचा टँकर आला की पहिल्या दोन कळशा मावशींच्या, मग आमचे हंडे, शेवटी समुद्र. "दोन कळशांनी तुम्ही समाजसुधारक होत नाही," असं हिनं बजावलं आहे. ते खरंच आहे. वस्तीला नळ हवा. कळशी म्हणजे नळ नव्हे.

आता एकच काळजी आहे. हे मासे टाकीत दहा वर्षं सहज जगतात, क्वचित वीसही. मी सदुसष्ट वर्षांचा. मृत्युपत्र करायला गेलो तर वकील म्हणाले, "मासे स्थावर की जंगम?" पोहतात म्हणजे जंगमच, मी म्हणालो. पण घेणार कोण? माझ्या तीन एकरांसाठी पुतणे आत्तापासून प्रेमानं बोलतात. माशांसाठी कोणी भांडायला तयार नाही. मुलानं फोनवर, "बाबा, टाकी नको हं," असं आधीच सांगून टाकलं.

मावशी फरशी पुसत ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्या बघीन की, सर. न्हेते मी त्यांला घरी."

मला भरून आलं. मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी फडकं पिळलं आणि म्हणाल्या, "पर पानी हितूनच न्यावं लागंल."